गोड्या तेलाची जीप

आण्णा आमच्याकडे आले तेव्हा जीप त्यांनी गल्लीच्या तोंडाशी, कडुलिंबाच्या आडोशाला उभी केली होती. मला वाटलं, गल्ली अरुंद म्हणून असेल. पण याच गल्लीतून पाण्याचा टँकर जातो, मंडपवाल्याचा टेम्पो जातो. जीप आत न आणण्याचं कारण आमच्या वरच्या मजल्यावर होतं. तिथल्या गॅलरीत त्यांची बायको ज्वारी निवडत बसली होती, आणि ती त्यांच्यावर रुसून आलेली होती.

वरच्या दोन खोल्यांत पूनम राहते, आण्णांची धाकटी. नर्स आहे. ड्युटीवरून आली की झोपते, झोपून उठली की ड्युटीवर जाते. असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं. तिचं घर नातेपुत्याच्या पुढं एका वाडीवर. मेंढरं, शेळ्या, आणि पाऊस झालाच तर शेती. तिची आई, अंबुबाई, वर्षातून एखाद्या वेळी यायच्या, बाजरीच्या पिठाची पिशवी लेकीच्या स्वयंपाकघरात ठेवायच्या आणि मेंढरांकडं कोण बघणार म्हणून लगेच एसटी पकडायच्या. या खेपेला मात्र त्या करकंबहून आल्या. तिथं त्यांच्या भावाच्या नातवाचं जावळ होतं, पूनमही गेली होती, आणि परत येताना पूनमबरोबर ह्याही उतरल्या. हातात पिशवी नाही. अंगावर कार्यक्रमाचं नववारी लुगडं तेवढं. ते धुवायला टाकल्यावर पूनमच्या सहावारी साड्या नेसून वावरायला लागल्या, पण सहावारीत त्यांना त्यांचे पाय सापडेनात. चार पावलं चालल्या की निऱ्या वर ओढायच्या आणि नवऱ्याला बोल लावायच्या. निऱ्यांचा आणि नवऱ्याचा संबंध काय, ते मी तेव्हा विचारलं नाही.

"ताई, तुमी गाड्यांस्नी काळं करता म्हनं," आण्णा म्हणाले. गुलाबी फेटा, पांढऱ्या मिशा, आणि काखेत एक बोचकं.

आमचे त्रिंबकराव आरामखुर्चीत पेपर वाचत होते. होटगीला रेल्वेत होते, निवृत्त झाल्यापासून दिवसभर पेपर वाचतात. म्हणजे पेपर तोंडासमोर धरतात आणि घरात काय चाललंय ते ऐकतात. त्यांनी पेपराआडूनच सांगितलं की हिला कुणाचंही काळं करायला फक्त निमित्त लागतं.

तर या काळं करण्याचं असं आहे. गाडीचा बंपर, दारांच्या कडेच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, आरशांच्या पाठी, हे सगळं प्लॅस्टिक नवं असताना काळंभोर असतं. सोलापूरचे काही उन्हाळे अंगावरून गेले की ते राखुंडी फासल्यासारखं दिसायला लागतं. आमच्या गाडीचं तसं झालं तेव्हा त्रिंबकराव म्हणाले, आता हिला कलप लाव. ते स्वतः लावतात, त्यामुळे गाडीनंही लावावा असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले, एक कोपरा वितळवून ठेवला, पण शिकले. मग शेजारच्यांची गाडी केली, मग त्यांच्या मेहुण्याची, आणि बघता बघता मी आमच्या वसाहतीची कलपवाली ताई झाले. व्हिडिओतला माणूस याला ट्रिमचं काम म्हणतो. मी एकदा एका गिऱ्हाइकाला विचारलं, ट्रिम करायचंय का, तर तो दाढीवरून हात फिरवायला लागला. तेव्हापासून आपलं काळं करणंच बरं.

कडुलिंबाखाली जाऊन मी जीप बघितली. अशी गाडी मी आधी कधी बघितली नव्हती. बंपर पांढरा पडलेला, ते ठीकच. पण त्याच्यावर धुळीचा हा जाड थर बसलेला, कणकेच्या गोळ्याला पीठ लागावं तसा. आणि त्या थरात लांब, ओल्या ब्रशनं ओढावेत तसे पट्टे. चाकांच्या कमानींवर पट्टे, आरशाच्या पाठीवर पट्टे. एका दाराच्या कडेचं रबर चावून ओढल्यासारखं लोंबत होतं. वास खवट तेलाचा.

मी विचारलं, हे काय लावलंय.

आण्णांनी आधी गॅलरीच्या दिशेनं बघितलं आणि मग हळू आवाजात सगळं सांगितलं. करकंबला निघायच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, माझ्या माहेरी ही असली भुरकटलेली गाडी घेऊन जायची नाही. आण्णांना पटलं. बेंदराला बैलाच्या शिंगांना तेल लावतात, शिंगं कशी चमकतात. एडक्याच्या शिंगांना लावलं तरी चमकतात. बंपर म्हणजे गाडीची शिंगंच. म्हणून त्यांनी घरातला शेंगतेलाचा डबा घेतला आणि जीपला चारी बाजूंनी चोपडला. चमकली की, ते म्हणाले. वाडीवर सगळे बघायला आले होते.

वाडीपासून करकंबपर्यंत रस्त्यावरची जेवढी धूळ होती तेवढी गाडीनं अंगावर घेतली. तिथं भावाच्या अंगणात गाडी उभी केली, पाहुणे पंगतीला बसले, आणि कुणीतरी शेळ्या सोडल्या. शेळ्यांना शेंगतेलाचा वास लागला. लोक हात धुवून उठेपर्यंत सगळ्या शेळ्या जीपभोवती गोळा होऊन, पुढचे पाय बंपरवर टेकवून, गाडी चाटत होत्या. एक तर दाराचं रबर ओढत होती.

अंबुबाईंचा भाऊ धुळाप्पा. दाजीची थट्टा करायचा हक्क मेहुण्याला असतोच, पण असा मोका सगळ्यांनाच मिळत नाही. "दाजी, गाडीत डिझेल टाकता का पेंड?" धुळाप्पानं विचारलं, आणि अख्खं अंगण हसलं. अंबुबाई त्यानंतर जीपमध्ये बसल्या नाहीत.

"ती म्हनली, शेळ्यांनी चाटलेल्या गाडीत मी न्हाय बसनार," आण्णा म्हणाले. "म्हनून म्हनलं, गाडी चांगली करून आनावी. मग बसंल की." त्यांनी काखेतलं बोचकं माझ्या हातात दिलं. अंबुबाईंची लुगडी होती. "तिला सावारी झेपत न्हाय. तेवडं द्या तिला."

बोचकं घेऊन मी वर गेले. मला वाटलं, आता ह्या विरघळतील. नवऱ्यानं न सांगता लुगडी आणली, घड्या घालून, मध्ये नीट कागद ठेवून. त्यांनी एकेक लुगडं उचलून बघितलं, मोजल्यासारखं बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, म्हणजे आता हितंच ऱ्हा म्हणत्यात.

मी खाली येऊन हे आण्णांना सांगितलं नाही. जीप आत घ्या, एवढंच सांगितलं.

जीप आमच्या अंगणात आली. आमचा जिना अंगणातूनच वर जातो आणि गॅलरी बरोबर वर आहे, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्न मिटला. मी बादलीत भांड्यांचा साबण कालवला, आण्णांच्या हातात एक ब्रश दिला, एक मी घेतला. हे काम दिसतं सोपं, पण तेल निघाल्याशिवाय पुढचं काही होत नाही, आणि शेंगतेल एकदा उन्हात मुरलं की जावयासारखं अडून बसतं. घासा, पुसा, परत घासा. पुसायला माझ्याकडे टॉवेलच्या कारखान्यातल्या कापलेल्या कडा असतात, पोतंभर. सोलापुरात राहण्याचा हा एक फायदा.

थोड्या वेळानं वरून आवाज आला.

"मीनाबाई, त्येंना सांगा, ब्रश आडवा धरा म्हनावं."

आण्णा माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी मान वर केली नाही. "ताई, तिला सांगा, दिसतंय मला."

मी दोघांनाही काही सांगितलं नाही, कारण दोघांनीही ऐकलं होतं. पण पुढं पुढं ही रीतच पडली. वरून खाली येणारं माझ्या नावानं यायचं, खालून वर जाणारं माझ्या नावानं जायचं. कमानीच्या आत राहिलंय म्हणावं. तितं हात पोचत न्हाय म्हणावं. मेंढरं कुणाकडं सोपवलीत म्हणावं. शिवयोगी हाय की, चुलतभाऊ, त्यो बघतोय म्हणावं. त्यो काय बघतोय, त्याला स्वतःची गुरं वळखू येत न्हाईत म्हणावं. त्रिंबकराव दारात येऊन म्हणाले, तुला रेल्वेत घ्यायला हवं होतं, स्टेशनवरच्या भोंग्यावर. मी त्यांनाही एक ब्रश दिला, तेव्हा ते पेपर वाचायला आत गेले.

तेल निघाल्यावर बंपर नुसताच पांढरा दिसायला लागला, आधीपेक्षा जास्त. आण्णांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, आपण घासून गाडीचा रंग घालवला. मी म्हटलं, थांबा. आतून हीट गन आणली. ही केस वाळवायच्या यंत्रासारखीच दिसते, पण हिच्यासमोर केस धरू नयेत. तोंडातून भट्टीसारखी झळ येते. ती प्लॅस्टिकवरून सावकाश फिरवत न्यायची, एका जागी थांबवायची नाही. जिथून हवा फिरते तिथून राख निघून जाते आणि आतला काळा रंग वर येतो, कोरड्या पाटीवर ओलं फडकं फिरवावं तसा.

पहिला पट्टा काळा झाला तेव्हा आण्णा खाली बसले आणि बंपरला डोळा लावून बघायला लागले. वर ज्वारी निवडल्याचा आवाज थांबला. मग जिन्यावर पावलं वाजली. अंबुबाई, आता नववारीत, मोकळ्या पायांनी चार पायऱ्या उतरून आल्या आणि तिथंच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आण्णांना वाटलं, गाडी जमली, बायको जमली. मिशीत हसले सुद्धा. पण त्या जेवढ्या उतरल्या तेवढ्याच परत चढल्या.

दुपारी आण्णा दाराचं रबर शोधायला गेले. जुन्या गाड्यांचं रबर मिळायचं म्हणजे पाच दुकानं फिरणं आलं. मी तोवर डब्यातून जवसाचं तेल काढलं. रंगाच्या दुकानात मिळतं, उकळलेलं, सुताराकडे असतं ते. हीट गननं रंग वर येतो पण टिकत नाही, त्याच्यावर याचा पातळ हात द्यायचा. हे वाळतं, वर सालीसारखा थर धरतं, चिकटत नाही आणि धुळीला जागा देत नाही.

अंबुबाई जिन्यावरून बघत होत्या. परत तेल दिसल्यावर त्या थेट अंगणात आल्या. त्यांनी डबा हातात घेतला, नाकाशी नेला.

"जवसाचं?"

मी म्हटलं, हो.

त्यांनी डबा खाली ठेवला आणि पायरीवर बसल्या. मग मला जे सांगितलं ते आण्णांच्या सांगण्यात नव्हतं. करकंबला निघायच्या आदल्या दिवशी त्या भाकऱ्या थापत होत्या. आण्णांनी शेंगतेलाचा डबा उचलला तेव्हा त्या चुलीपासूनच ओरडल्या होत्या की गाडीला ग्वाडं तेल लावू नगा, चिकाटतं, कोपऱ्यात जवसाचं हाय त्ये घ्या. त्यांच्या वडिलांच्या घरी बैलगाडीच्या जुवाला, औताच्या दांड्याला जवसाचंच तेल लावायचे, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

"ग्वाडं तेल लावू, हितपत्तूर ऐकलं आन् गेलं," त्या म्हणाल्या. "माझं 'नगा' चुलीपाशीच ऱ्हायलं."

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं. आपल्या बोलण्याची रचनाच अशी आहे. नकार सगळ्यात शेवटी येतो. सगळं वाक्य दारातून आत जातं आणि तो बिचारा मागं चपला काढत राहतो. अर्धवट ऐकणाऱ्या माणसाला आपण नाही म्हटलेलं सगळं हो म्हणूनच कळतं.

मी म्हटलं, मावशी, मग हे तिथंच सांगायचं की.

तेव्हा कळलं, गोष्ट शेळ्यांची नव्हतीच. धुळाप्पानं पेंडीचं विचारल्यावर आण्णा सगळ्यांबरोबर हसले, आणि हसता हसता म्हणाले, मला कशाला हसता, तेल तुमच्या बहिणीनंच सांगितलं. तिथून थट्टा दाजीवरून उठली आणि बहिणीवर बसली. भावजया विचारायला लागल्या, वन्सं, फोडणी कधी देताय, आमी भाकरी घेऊन येतो. नव्यानं लग्न होऊन आलेली भाचेसून, तिनं यांना पहिल्यांदाच बघितलेलं, ती पदर तोंडाला लावून हसत होती. ज्या घरात यांच्या शब्दाला मान, थोरली बहीण म्हणून धुळाप्पा अजून यांना विचारून बैल घेतो, त्या घरात ह्या गाडीला शेंगतेल चोपडायला सांगणारी बाई झाल्या.

"ऐकलं न्हाय ह्याचं मला काय न्हाय," त्या म्हणाल्या. "त्येनी कदीच ऐकत न्हाईत, त्याची सवय झाली. पर माझ्या भावाच्या दारात माझं म्हनून दुसरंच सांगितलं की."

मी म्हटलं, मी सांगू का आण्णांना.

"तुमी सांगून काय हुनार. तुमचं सुदिक निम्मंच ऐकतील."

म्हणजे बंपर काळा होऊन उपयोग नव्हता. आण्णा ज्या दुरुस्तीसाठी आले होते ती भलत्याच ठिकाणी चालली होती, आणि आण्णांना त्याचा पत्ता नव्हता. संध्याकाळी त्यांचा बेत बायकोला घेऊन घरी जायचा होता. अंबुबाईंनी पूनमला एक जादा गादी आणायला सांगून ठेवलं होतं.

रबर घेऊन आण्णा परत आले ते उन्हानं लाल होऊन. मी दाराची कड स्पिरिटनं पुसली, डिंक लावला, रबर बसवलं. वाकडी कड होती, एका जागी रबर सारखं उचलत होतं. मी आण्णांना म्हटलं, दोन्ही हातांनी इथं आणि इथं दाबून धरा. मी सांगेपर्यंत हात काढायचा नाही. हात काढला तर रबर निघेल आणि परत पाच दुकानं.

आण्णांनी धरलं. दाराला दोन्ही हात लावून, तोंड जिन्याकडे, पोलिसांनी झडतीला उभं केल्यासारखे. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस आता कुठंही जाऊ शकत नाही.

मी वर बघितलं. अंबुबाईंच्याही लक्षात आलं होतं.

मी चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेले. खिडकी अंगणाकडेच आहे. त्रिंबकराव मागोमाग आले आणि म्हणाले, अगं, हा डिंक तर पाच मिनिटांत धरतो, त्या माणसाला का उभं केलंस. मी त्यांच्यासमोर लसणाचा गड्डा ठेवला आणि सोलायला सांगितलं. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि गुपचूप सोलायला बसले.

अंबुबाई शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या. या वेळी माझं नाव घेतलं नाही. मधला भोंगा बंद.

"तुमी करकंबात म्हनला, तेल मी सांगितलं."

"मग? सांगितलं व्हतंसच की," आण्णा म्हणाले. "ते जाऊ दे, गाडी बग कशी..." आणि पाऊल उचललं. हात दाराला. पाऊल परत ठेवलं.

अंबुबाई थांबल्या नाहीत. चुलीपासून सुरुवात केली. पहिल्या भाकरीपासून. आण्णा कुठं उभे होते, कोणत्या हातात डबा होता, त्या काय म्हणाल्या. आण्णांनी मध्ये एकदा बरं म्हटलं, एकदा ऐकलं म्हटलं, एकदा ताई रबर धरलं का म्हणून आवाज दिला. मी चहात आलं किसत होते, मला ऐकू आलं नाही. नंतर ते ऐकायला लागले. अंबुबाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरतच गेला. भावजयांचं सांगितलं, फोडणीचं सांगितलं, भाचेसुनेचं सांगताना त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि त्या हसत नव्हत्या.

त्यांचं सांगून झालं. लसूण सोलायचंही थांबलं होतं.

"'नगा' म्हनली व्हतीस?" आण्णांनी विचारलं.

"मग काय 'लावा' म्हनलं व्हतं?"

आण्णा विचार करत राहिले. खरंच विचार करत होते, कपाळावर दिसत होतं. माणूस खोटं बोलला असता तर त्याला काहीतरी उत्तर सुचलं असतं. यांना सुचत नव्हतं, कारण त्यांनी इतके दिवस खरंच धरून ठेवलं होतं की बायकोनंही तेच तेल सांगितलं आणि आपण तिचं ऐकलं. बायकोचं ऐकल्याचं थोडं कौतुकही वाटत असावं स्वतःचं.

"मला वाटलं, ह्या खेपेला तरी तुझं ऐकलं," ते म्हणाले.

अंबुबाईंनी तोंड फिरवलं. मला पाठ दिसत होती फक्त, पण ती पाठ आधीसारखी ताठ नव्हती.

"मग तुझं नाव मी उगं घेतलं," आण्णा म्हणाले. "चुकलं माझं."

"ते मला हितं सांगून काय? करकंबात सांगा."

आण्णा म्हणाले, फोन लाव धुळाप्पाला, आत्ता सांगतो. अंबुबाई म्हणाल्या, फोनवर नाही. ज्या अंगणात म्हणलात त्या अंगणात, धुळाप्पा, भावजया आणि ती नवी सून, सगळ्यांपुढं. आण्णांनी डोळे मिटले. बायको दोन दिवसांत विसरली असती, पण मेहुणा कसा विसरेल. आता पेंडीच्या जोडीला हेही आलं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत.

"त्यो मरंपत्तूर चिडवंल मला."

"चिडवंल की."

मग आण्णांनी हळूच आवाज दिला, ताई, हात काढू का आता. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, काढा की, केव्हाच धरलंय. आण्णांनी हात काढले, बोटं उघडझाप केली, आणि माझ्याकडे असं बघितलं की माझा चहा सांडता सांडता राहिला. मग कप घेतला, पहिला अंबुबाईंसमोर धरला. त्यांनी घेतला.

तेल वाळायला रात्र जावी लागते. आण्णा खाली आमच्या ओसरीत झोपले. झोपायच्या आधी त्रिंबकरावांनी त्यांना काहीतरी सल्ला दिला. काय दिला ते मला कळलं नाही, कारण मी स्वयंपाकघरात होते आणि अर्धंच ऐकू आलं.

सकाळी जीप अंगणात काळीभोर उभी होती. नवी दिसत होती असं म्हणणार नाही. बोनेटवर गंज होता, मागची काच तडकलेली होती. पण कडा उठून दिसत होत्या, म्हाताऱ्या बाईच्या कोरलेल्या भुवयांसारख्या. अंबुबाईंनी बंपरवरून बोट फिरवलं. बोट बघितलं, अंगठ्यावर घासून बघितलं. कोरडं. मग सगळ्या कमानींवरून, दोन्ही आरशांवरून. आण्णा त्यांच्या मागोमाग, निकाल लागायचा असल्यासारखे.

बोचकं मागच्या सीटवर गेलं, अंबुबाई पुढच्या. पूनम ड्युटीला निघता निघता आईला म्हणाली की गादी आणलीच नव्हती, तिला माहीत होतं. आण्णा स्टिअरिंगशी बसले, किल्ली लावली.

अंबुबाई म्हणाल्या, मी येते, पर...

आण्णांनी किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

पर आधी करकंब. तिथं रिकाम्या हातानं न्हाय जायाचं, टेंभुर्णीला पेढे घ्यायचे. धुळाप्पा काही म्हणाला तर रागवायचं न्हाय. भाचेसुनेच्या हातात काहीतरी ठेवायचं, आपण हसलो म्हणून तिला अवघडल्यासारखं वाटू नये. शिवयोगीला फोन करून मेंढरं मोजायला लावायची. तुमचं औषध परवापासून घेतलं न्हाय, मला दिसतंय डोळ्यांवरून. आणि गुडघ्याला लावायचं त्ये तेल कुटं ठिवलंय, त्ये...

"करा सुरू गाडी," त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "ऱ्हायलेलं वाटंनं सांगते."

"न्हाय," आण्णा म्हणाले. "इंजिनाचा आवाज लई. ऐकू येत न्हाय. हितंच सांग."

अंबुबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पदर नीट केला, जरा ऐसपैस बसल्या आणि परत सुरुवातीपासून सांगायला लागल्या.

मी आणि त्रिंबकराव फाटकाशी निरोपाचा हात वर करून उभे होतो. आधी मी हात खाली घेतला. मग त्रिंबकरावांनी घेतला. मग ते आत गेले आणि दोन खुर्च्या घेऊन आले.